ड्राइव्हवेतले पाहुणे: ऑक्टोबरात आरव्ही घेऊन नातलगांकडे जाताना

न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघायचं, मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरोला मावसभावाकडे दोन रात्री, नॅशुआला कॉलेजच्या मित्राकडे एक, मग न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात पानांचे रंग आणि व्हरमाँटच्या कडेकडेने परत. दोघांसाठी दहा दिवसांचा, साधारण ८५० मैलांचा हा फेरा आरव्हीने (आत राहायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) करायला अवघड नाही. गाडं अडतं ते नातलगांच्या दारात. कॅम्पग्राउंडला वीज, नळ आणि मैला सोडायची सोय आरव्हीच्या मापाची असते, घराला ती नसते. म्हणून कोणाच्याही दारात पोचताना पिण्याच्या पाण्याची टाकी भरलेली, मैल्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या आणि बॅटरी चार्ज झालेली हवी. हे सांभाळलं की घरमालकाकडे फक्त जागा आणि एक प्लग मागावा लागतो.

तारखा

पानांचा रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली उतरत येतो. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, तर मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकटमध्ये ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे. म्हणजे आधी सरळ वर जायचं आणि रंगाबरोबर खाली यायचं. नातलगांकडे जाताना कमी आणि परतताना जास्त थांबलात तर तीच झाडं दोन वेगळ्या रूपांत दिसतात.

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे कोलंबस डेची सुट्टी. त्या तीन दिवसांत याच डोंगरांतून जाणाऱ्या कँकामँगस हायवेवर पुण्याच्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी असते आणि पंचवीस फुटी गाडीला व्ह्यूपॉइंटवर जागा मिळत नाही. डोंगर त्याआधीच्या सोमवार ते गुरुवारात बसवा. त्या सुट्टीनंतर तिकडची बरीच कॅम्पग्राउंड बंद होतात आणि उघडी राहतात तिथेही नळ बंद केलेले असू शकतात. बुकिंग करताना ‘जागा आहे का’ एवढंच विचारू नका, ‘त्या रात्री नळाला पाणी आणि डंप स्टेशन (मैल्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) चालू आहे का’ हेही विचारा.

गाडी

दोघांना क्लास सी (मधल्या आकाराची आरव्ही), २२ ते २५ फूट पुरते. व्हॅनच्या आकाराची क्लास बी कुठल्याही ड्राइव्हवेत मावते, पण तिच्या टाक्या लहान असतात आणि भाडंही बहुधा जास्त पडतं. तीस फुटी गाडी दोघांनी घेऊ नये; ती पार्क करता करता नातलगांशी गप्पा मारायचा वेळ जातो. क्लास सी एका गॅलनला ८ ते १० मैल देते. ८५० मैलांना शंभर गॅलन धरा, बजेट चुकणार नाही.

गाडी ताब्यात घेताना मैलांची मर्यादा, जनरेटरचे तास आणि दोघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून लागली आहेत ना, हे बघा. मग गाडीची छतावरच्या एसीसकटची उंची विचारा. क्लास सीची ती ११ ते १२ फूट भरते. ती फूट-इंचात कागदावर लिहून स्टीअरिंगसमोर चिकटवा. पुलाची पाटी समोर आल्यावर कोणालाही आकडा आठवत नाही.

रस्ता निवडताना

फोनमधला नेहमीचा नकाशा तुम्हाला मोटारगाडीत समजतो. एडिसनहून आय-२८७ने उत्तरेला, मारिओ कुओमो पुलावरून हडसन ओलांडून व्हाइट प्लेन्सपर्यंत सगळं ठीक चालतं. तिथे तो ‘हचिन्सन आणि मेरिट पार्कवे घ्या, वेळ वाचेल’ म्हणतो. घेऊ नका. न्यूयॉर्क आणि कनेटिकटच्या या जुन्या पार्कवेंवर कमानींचे बुटके पूल आहेत आणि आरव्हीला तिथे मनाई आहे. तुमचा रस्ता आय-६८४ने ब्रूस्टर, तिथून आय-८४ने डॅनबरी, वॉटरबरी, हार्टफर्ड आणि स्टरब्रिजला आय-९० असा. वेस्टबरो त्याच रस्त्यावर पुढे आहे.

प्रोपेनची (गॅसची) टाकी असलेल्या गाडीला न्यूयॉर्कच्या हॉलंड आणि लिंकन बोगद्यांतून जाता येत नाही. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला काकू राहत असतील तर जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या वरच्या मजल्यावरून जा, खालच्या नाही. बोस्टन शहराखालच्या बोगद्यांनाही हीच बंदी आहे. नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्हच्या पुलांखाली तर दरवर्षी उंच ट्रक अडकतात. बोस्टनमध्ये कोणाला भेटायचं असेल तर आरव्ही वेस्टबरोतच सोडा आणि भावाची गाडी किंवा लोकल ट्रेन घ्या.

आधी विचारायच्या गोष्टी

आठवडाभर आधी मेसेज टाका. फोनवर विचारलं तर समोरचा संकोचाने सगळ्याला ‘हो हो, या तुम्ही’ म्हणतो. मेसेज असा असू द्या:

‘वहिनी, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोचतो. गाडी पंचवीस फुटांची आहे. ड्राइव्हवेचा रस्त्यापासून गॅरेजपर्यंतचा एक फोटो आणि गॅरेजच्या बाहेरच्या प्लगचा एक फोटो पाठवाल का? वर झाडाची फांदी किंवा केबलची तार लोंबते का तेही बघा. आणि तुमच्या सोसायटीला (एचओएला) रात्रभर आरव्ही उभी केलेली चालते ना, तेवढं विचारून ठेवा.’

शेवटचा प्रश्न नुसता औपचारिक नाही. अनेक सोसायट्यांत आरव्ही २४ किंवा ४८ तासच ठेवता येते, काही ठिकाणी मुळीच नाही. बऱ्याच टाउनशिपमध्ये रात्री रस्त्यावर गाडी लावायलाही बंदी असते. दंड घरमालकाच्या नावाने येतो, आणि मावसभाऊ तो तुम्हाला सांगणारही नाही.

फोटोत उतार बघायचा. क्लास सीचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच मागे लांबलेलं असतं. सपाट रस्त्यावरून चढणीच्या ड्राइव्हवेवर गाडी वळली की ते शेपूट रस्त्याला घासतं आणि पहिला बळी जातो तो मैल्याच्या पाइपाचा. उतार तीव्र वाटला तर तिरकं चढा, नाहीतर सरळ जवळचं कॅम्पग्राउंड घ्या आणि जेवायला घरी जा.

गाडी मागे घेणं

सगळ्या प्रवासात भांडणं होतात ती इथे. उपाय शब्दांचा आहे. ‘डावीकडे’ म्हणजे बाहेर उभ्या असलेल्याची डावी की गाडीची, हे ठरेपर्यंत पत्र्याला पोचा पडलेला असतो. ‘ड्रायव्हरकडे’ आणि ‘दाराकडे’ एवढेच दोन शब्द वापरा, कारण आरव्हीचं दार नेहमी ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला असतं. तिसरा शब्द ‘थांब’. तो कोणीही कधीही म्हणू शकतो आणि ऐकणाऱ्याने कारण न विचारता ब्रेक दाबायचा. बाहेर उभ्या असलेल्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसत राहावं. आरशातून माणूस नाहीसा झाला की गाडी थांबली पाहिजे.

बाहेर पडताना लक्ष द्यायचं ते पत्रपेटीकडे. स्टीअरिंग उजवीकडे वळलं की शेपूट डावीकडे झुलतं, दोनेक फूट सहज. ड्राइव्हवेच्या तोंडाशी असलेली लाकडी खांबावरची पेटी आरशात दिसत असते तोवरच सुरक्षित असते. अर्धी गाडी रस्त्यावर येईपर्यंत सरळ जा, मग वळा.

उभी केल्यावर गाडी समपातळीत आणा. बाजूला सरकवून बाहेर काढायच्या भागाचं कौतुक नंतर. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो, त्यातला द्रव उताराने वाहतो. गाडी तीन अंशांपेक्षा जास्त कलली तर तो एका जागी साचतो, थंडावा बंद होतो आणि तसंच चालवत राहिलं तर फ्रिज कायमचा जातो. फोनमधलं लेव्हलचं अॅप फ्रिजच्या आत, मधल्या फळीवर ठेवून बघा. कमी पडेल तिथे चाकाखाली प्लास्टिकचे ठोकळे घाला. इंजिनाखाली पुठ्ठा टाका; नव्या काळ्या ड्राइव्हवेवर तेलाचे डाग पडले की पुढच्या वर्षीचं आमंत्रण जातं.

वीज

इथे जरा सावकाश वाचा. बहुतेक चुका आणि खर्च याच भागात होतात.

क्लास सीची केबल ३० अॅम्प, १२० व्होल्टची असते, म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॉट. घराबाहेरचा साधा प्लग १५ अॅम्पचा असतो, म्हणजे १,८००. सलग तासन्‌तास ओढायची असेल तर त्याच्या ८० टक्केच धरायचे: १२ अॅम्प, १,४४० वॉट. एका छोट्या विजेच्या हीटरला १,५०० वॉट लागतात. एवढ्यातच हिशोब संपतो.

जोडायची रीत अशी. भाड्याच्या गाडीत असलेला किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा १५ ते ३० अॅम्पचा अॅडॉप्टर घ्या. एक्स्टेंशन लागलीच तर १० किंवा १२ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), २५ फुटांपेक्षा लांब नको. गॅरेजात लोंबणारी पातळ नारिंगी वायर १६ गेजची असते. ती तापते, आणि गुंडाळलेल्या अवस्थेत वापरली तर वितळते. जोडण्याआधी आरव्हीचा मुख्य ब्रेकर बंद करा, जोडा, मग चालू करा. आतल्या प्लगला लावायचा छोटा व्होल्टमीटर जवळ ठेवा. १०५ व्होल्टच्या खाली आकडा गेला की काहीतरी बंद करा.

गॅरेजातला मोठा तीन किंवा चार खाचांचा प्लग बघून कोणी उत्साहाने म्हणेल, ‘हा बघ, तीस अॅम्पचा आहे, यालाच लाव.’ तो कपडे वाळवायच्या यंत्राचा, २४० व्होल्टचा प्लग असतो. आरव्हीच्या ३० अॅम्पला १२० व्होल्टच लागतात. बाजारात मिळणारं काहीतरी जोडून तो लावला की कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि टीव्ही एका क्षणात जळतात. त्या प्लगला हात लावू नका. कोणाकडे इलेक्ट्रिशियनने खास आरव्हीसाठी प्लग बसवलेला असला, तरी आधी मीटरने व्होल्टेज बघा, कारण इलेक्ट्रिशियनचीही नेमकी हीच गफलत होते.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या घरांत घडते. गॅरेजात दुसरा फ्रीझर असतो, त्यात खवलेला नारळ, सोललेले मटार, पुरणाचे गोळे आणि वर्षभराचा आंबरस. तो फ्रीझर बऱ्याचदा बाहेरच्या प्लगच्याच सर्किटवर असतो. रात्री दोन वाजता तुमच्या हीटरने ब्रेकर उडतो, तुम्ही ब्लँकेट ओढून झोपता, आणि सकाळी वहिनींच्या आंबरसाला पाणी सुटलेलं असतं. संध्याकाळीच विचारा, नाहीतर फ्रीझरमध्ये दिवा लागतो का बघून प्लगचा ब्रेकर एकदा बंद करून पाहा.

म्हणून घरच्या प्लगवर असताना: फ्रिज गॅसवर, पाणी तापवायचा हीटर गॅसवर, मायक्रोवेव्ह बंद, विजेचा हीटर लावायचाच तर ७५० वॉटच्या खुणेवर. प्लगमधला सुरक्षा स्विच वारंवार उडत असेल तर केबलचा जोड ओल्या पानांत पडलाय का ते बघा. उलट्या बादलीवर तो उचलून ठेवला की बहुधा प्रश्न मिटतो.

रात्रीची थंडी

डोंगरात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही रात्री पारा ३२ फॅरनहाइटखाली जातो. प्रोपेनचा फर्नेस गाडी गरम ठेवतो, पण त्याचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि सात-आठ अॅम्प खातो. १०० अॅम्प-तासांच्या साध्या बॅटरीतले ५० वापरायचे असतात. दहा तासांच्या रात्रीत फर्नेस निम्मा वेळ चालला तरी ३५ ते ४० गेले. त्यावर दिवे आणि फोन. पहाटे बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, हवेच्या झोताने उचलायची आतली पट्टी उचलली जात नाही, आणि ती उचलल्याशिवाय ज्योत पेटत नाही. मग फर्नेस नुसतीच थंड हवा फेकतो आणि लोक समजतात गॅस संपला. कँकामँगसवरच्या सरकारी कॅम्पग्राउंडांत वीज नसते. तिथे जायच्या आदल्या रात्री घरच्या प्लगवर बॅटरी पूर्ण भरा, थर्मोस्टॅट ६० वर ठेवा आणि गोधडी घ्या. आपली सुती गोधडी तिथल्या स्लीपिंग बॅगेपेक्षा दोघांना बरी.

गॅसचा हिशोबही ठेवा. ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस सलग चालला तर एक गॅलन प्रोपेन तीन तासांत जातो. जनरेटर गाडीच्याच पेट्रोलवर चालतो आणि पेट्रोल पाव टाकीवर आलं की तो आपोआप बंद पडतो. ती बिघाडाची खूण नाही, तुम्ही जंगलात अडकू नये म्हणून केलेली सोय आहे. लिंकन ते कॉनवे हे कँकामँगसचे ३४.५ मैल, मधे एकही पेट्रोल पंप नाही. लिंकनला भरून घ्या. खिंड २,८५५ फुटांवर आहे, उतरताना गिअर खालचा ठेवा. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापून वास यायला लागतो.

थंडीच्या रात्री पाण्याची नळी काढून ठेवायची आणि गाडीतल्या टाकीचं पाणी पंपाने वापरायचं. नळीतलं पाणी गोठलं की आधी नळाचं तोंड फुटतं, आणि तो नळ वहिनींच्या घराचा असतो. सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. छतावरची खिडकी बोटभर उघडी हवीच: दोन माणसांच्या श्वासाचं पाणी रात्रीत काचांवरून ओघळून गादीत उतरतं.

टाक्या

साबणपाण्याची ग्रे टाकी ३० गॅलनची असेल तर दोघांना तीन दिवस पुरते. संडासाची ब्लॅक टाकी पाच-सहा दिवस. नातलगांकडे असताना आंघोळ घरात करा. त्यांनाही तेच हवं असतं आणि ग्रे टाकी वाचते.

कोणी म्हणालं, ‘अरे, साबणाचंच पाणी, सोड की लॉनवर,’ तरी सोडू नका. घराच्या ड्रेनेजच्या झाकणातही रिकामं करू नका. न्यू हॅम्पशायरमध्ये पुष्कळ घरांना सेप्टिक टाकी असते आणि आरव्हीत घालायची काही रसायनं तिच्यातले जिवाणू मारतात. डंप स्टेशनवरच जा. हातमोजे घाला, नळी दोन्हीकडे पक्की बसवा, आधी ब्लॅक सोडा, पूर्ण थांबलं की बंद करून मग ग्रे, म्हणजे साबणपाण्याने नळी धुतली जाते. शेवटी ब्लॅकमध्ये दोन गॅलन स्वच्छ पाणी आणि रसायन टाका. पूर्ण हुकअपच्या (वीज, नळ आणि मैल्याचा पाइप जोडायची सोय असलेल्या) जागीही ब्लॅकची झडप उघडी ठेवून झोपू नका. पाणी वाहून जातं, घट्ट भाग तळाशी राहून त्याचा ढिगारा होतो आणि तो काढायला माणूस बोलवावा लागतो.

टाकी भरून फिरणं फुकट नाही: पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंड, ४० गॅलन म्हणजे दीडशे किलो. डोंगर चढताना निम्मी पुरे, घरी पोचायच्या आधी भरा.

स्वयंपाक

फोडणी बाहेर. गाडीतला धुराचा अलार्म मोहरी तडतडायच्या आधी वाजतो, आणि हिंग-लसणाचा वास गाद्यांत बसला की भाड्याचे लोक साफसफाईचे पैसे लावतात. एक बर्नरचा छोटा गॅस स्टोव्ह पिकनिक टेबलावर पुरतो. तीन लिटरचा कुकर गाडीतल्या शेगडीवर बसतो, पाच लिटरचा शेजारचा बर्नर अडवतो. तुपाळ भांडी आधी कागदाने पुसा. ग्रे टाकीत वरण-भाताचे कण कुजले की चौथ्या दिवशी सिंकमधून वास येतो. स्टीलचे डबे कपाटात घालताना मधे टॉवेल खुपसा, नाहीतर प्रत्येक वळणावर भांड्यांचं दुकान चालू लागतं.

यजमानांसाठी वाटेतल्या बागेतली सफरचंदं, सायडर, मेपल सिरप. शेकोटीचं लाकूड मात्र घरून नेऊ नका: न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रक्रिया न केलेलं सरपण आणायला बंदी आहे, कारण त्यातून झाडं पोखरणारी कीड पसरते. तिथेच विकत घ्या. कोजागरी या दिवसांत आली तर दूध आटवायला त्या शेकोटीसारखी जागा नाही.

निघताना

दर वेळी एकाच दिशेने गाडीभोवती एक फेरी: केबल, नळी, ठोकळे, पायरी आत, छतावरची खिडकी बंद, अँटेना खाली, फ्रिजची कडी लागलेली. बाजूला सरकणारा भाग आत घेण्याआधी शिडीने चढून त्याच्या छतावर बघा. ओक झाडाखाली एक रात्र काढली की वर पानांचा आणि अॅकॉर्नचा थर साचतो, आणि तो रबराच्या पट्टीत अडकून ती फाटते. त्या अॅकॉर्नचा रात्रभर छतावर टपाटप आवाज येतो तो वेगळाच. झोप प्यारी असेल तर ओक टाळा.

परतीला कॉनवेहून ३०२ने क्रॉफर्ड नॉचमधून (नॉच म्हणजे खिंड) वेल्स रिव्हरला या, मग आय-९१ने सरळ दक्षिणेला. व्हरमाँटचे छताचे लाकडी पूल पायी बघा, आरव्ही त्यांतून जाणार नाही. नकाशाने स्मगलर्स नॉचचा १०८ रस्ता दाखवला तरी नको, तिथल्या कड्यांमधल्या वळणांत लांब गाड्या अडकतात. संध्याकाळी पाचनंतर आणि पहाटे गाडी चालवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर हरणांच्या माजाचा काळ असतो, आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की मागून दुसरं येतंच.

गाडी परत देताना पेट्रोल आणि प्रोपेन घेतलं तेवढं भरा, टाक्या रिकाम्या करा, चारही बाजूंचे, छताचे आणि जनरेटरच्या तासांच्या मीटरचे फोटो काढा. काचेवरचा आपला ई-झेडपास (टोल आपोआप कापणारा टॅग) काढून घ्या, नाहीतर पुढचा भाडेकरू तुमच्या खात्यावर फ्लोरिडापर्यंत जाऊन येईल.